फौज सरकार का उलथवत नाही? एका 'का'मागे घालवलेली वीस वर्षं

कोयनाकाठची | शुक्रवार, रात्री १०:१०

मागे इथल्या एका धाग्यावर मी ओघात लिहून गेले होते, की माझा अभ्यास लष्कर आणि सरकार यांच्यातल्या नात्याचा आहे. त्यानंतर बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. 'म्हणजे युद्धांचा अभ्यास का?', 'घरात कुणी फौजेत होतं का?', 'याला नोकरी मिळते का?' एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा धागाच काढते. लांबेल, सांभाळून घ्या.

ऑक्टोबर १९९९. मी कराडला एफ. वाय.ला होते. बारा तारखेला पाकिस्तानात फौजेने नवाझ शरीफांचं सरकार उलथवलं, आणि पुढचे दोन दिवस टीव्हीवर एकच चित्र फिरत होतं. इस्लामाबादच्या टीव्ही केंद्राच्या बंद फाटकावरून जवान आत चढतायत. कारगिल संपून तीन महिनेही झाले नव्हते. माझे थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले. आम्ही जेवत होतो. मी विचारलं, "काका, आपली फौज असं का करत नाही?" त्यांचा हात ताटातच थांबला. "आपल्यात असलं कुणाच्या डोक्यातच येत नाही." मी म्हटलं, "का येत नाही?" "येत नाही म्हणजे येत नाही," म्हणाले आणि त्यांनी आमटी मागितली.

त्या 'का'ने पाठ सोडली नाही.

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं: आपली फौज शिस्तीची. पण पाकिस्तानची फौज बेशिस्त आहे असं कुणी जाणकार म्हणणार नाही. फाटकावर चढणाऱ्या त्या जवानाला हुकूम होता आणि त्याने तो पाळला. वरचा हुकूम खालपर्यंत बिनबोभाट पोचला नाही तर सत्तापालट होतच नाही. शिवाय ऑगस्ट १९४७ पर्यंत दोन्हीकडची फौज एकच होती. तीच कवायत, तेच मेस, डेहराडूनला नाहीतर सँडहर्स्टला एकत्र शिकलेले अधिकारी. फाळणीत पलटणी वाटल्या गेल्या, मेसमधली चांदीची भांडी वाटली गेली. पुढे तिकडे १९५८, १९७७, १९९९. इकडे एकदाही नाही. शिस्त दोघांची सारखी, मग फरक कशाने पडला?

१९५७ साली सॅम्युअल हंटिंग्टन या अमेरिकी अभ्यासकाने मांडलं, की फौजेला तिच्या कामात मोकळीक द्या, तिचा व्यावसायिक अभिमान जपा, ती आपणहून राजकारणापासून लांब राहते. वर्गात हे ऐकताना पटायचं. पाकिस्तानकडे पाहिलं की अडायचं, कारण व्यावसायिकतेत ती फौज कुठेच कमी नव्हती. स्टीव्हन विल्किन्सन यांच्या २०१५ मधल्या पुस्तकाने मला जास्त दिलं. ते दाखवतात, की भारतात हे आपोआप घडलं नाही, घडवलं गेलं. दिल्लीतलं सरसेनापतींचं आलिशान निवासस्थान पंतप्रधानांसाठी घेतलं गेलं. तेच तीन मूर्ती भवन. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदनामच गेलं आणि तिन्ही दलांचे प्रमुख एका ओळीत आले. पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा निवृत्त झाले आणि उच्चायुक्त म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले. एकेक गोष्ट छोटी. तिकडे पुढे १९५८ मध्ये सत्ता घेणारे अयुब खान १९५४ मध्ये सरसेनापतिपदावर असतानाच संरक्षणमंत्रीही झाले होते, आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९७० उजाडलं.

या विषयाला आपल्याकडे फार आधी हात घातला तो बाबासाहेबांनी, हे मला एम. ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. १९४० साली पाकिस्तानच्या मागणीवर लिहिताना त्यांनी सैन्यभरतीची कोष्टकं मांडली. सायमन कमिशनच्या आकड्यांप्रमाणे १,५८,२०० लढाऊ शिपायांपैकी ८६,००० एकट्या पंजाबातले, मुंबई इलाख्यातले ७,०००, आणि बंगालचा एकही नाही. सुरक्षित सरहद्दीपेक्षा भरवशाची फौज मोलाची, हा त्यांचा युक्तिवाद. फौजेत कोण कुठून येतो यावर राज्य कसं चालेल हे ठरतं, हे त्यांनी फाळणीच्या सात वर्षं आधी आकडे देऊन सांगितलं होतं. तो भाग मी आजही दरवर्षी वर्गात शिकवते.

पुण्यात एम. ए. झाल्यावर दिल्लीला पीएच. डी.ला गेले. विषय पाकिस्तान. उर्दू लिपी शिकले, दीड वर्ष व्हिसाची वाट पाहिली, तो आला नाही. मार्गदर्शक म्हणाले, "जिथे जाता येईल तिथला विषय घे." नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा चालत ओलांडायची आणि पलीकडे बस धरायची. अशी मी २००८ मध्ये चितवनला पोचले.

नेपाळात १९९६ पासून दहा वर्षं माओवादी युद्ध चाललं. नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार झाला आणि एका देशात दोन फौजा उरल्या. एक नेपाळी सेना, जी त्याच वर्षापर्यंत 'शाही' होती. दुसरी माओवाद्यांची जनमुक्ती सेना. हिचे १९,६०२ जण संयुक्त राष्ट्रांनी तपासून नोंदवले आणि ते सात मुख्य छावण्यांत राहू लागले. शस्त्रं कंटेनरमध्ये बंद, कुलपाची किल्ली माओवादी कमांडरकडे, आणि कंटेनरवर संयुक्त राष्ट्रांचा कॅमेरा आणि भोंगा. शक्तिखोरच्या छावणीत मी तो पांढरा कंटेनर लांबून पाहिला तेव्हा पाच वर्षं पुस्तकात वाचलेला विषय मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाही, म्हणून किल्ली एकाकडे आणि भोंगा दुसऱ्याकडे.

मग मे २००९. माओवादी नेते आणि तेव्हाचे पंतप्रधान प्रचंड यांनी प्रधानसेनापती रुक्मांगद कटवाल यांना पदावरून काढलं. राष्ट्रपती रामबरण यादव यांनी कटवालांना कळवलं, पदावर राहा. दुसऱ्या दिवशी प्रचंडांनी राजीनामा दिला. फौज सरकारच्या ताब्यात हवी, यावर काठमांडूत कुणाचंच दुमत नव्हतं. पण ताबा कुणाचा? निवडून आलेल्या पंतप्रधानाचा म्हणावा, तर त्याच्या पक्षाची स्वतःची फौज अजून छावण्यांत बसलेली. राष्ट्रपतीचा म्हणावा, तर पंतप्रधानाचा निर्णय फिरवायचा अधिकार त्याला घटनेने दिला होता का? माझ्या प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण या दोन दिवसांवर आहे.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती नारायणगढच्या बसस्टँडमागे भेटलेली मुलगी. तपासणीत चार हजारांवर जण वयाने लहान किंवा उशिरा भरती झालेले निघाले. २०१० च्या सुरुवातीला त्यांना छावणीबाहेर काढलं. त्यांना तिथे शब्द होता 'अयोग्य'. आपलाच शब्द, अर्थही तोच. ती चौदाव्या वर्षी जंगलात गेलेली. मला म्हणाली, "लढताना मी योग्य होते. शांतता आल्यावर अयोग्य झाले." हे तिने नेपाळीत सांगितलं आणि मला भाषांतराची गरज पडली नाही. तिने मला पैसे न घेता चहा दिला. रात्री लॉजवर ते उतरवून घेताना माझा हात चालेना.

शेवटी नेपाळी सेनेत गेले सुमारे १,४०० जण. बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपयांचा धनादेश घेऊन घरची वाट धरली. दोन फौजांची एक होणं हे जगात अवघड मानलं जातं. नेपाळने ते पुन्हा युद्ध न होता पार पाडलं, याचं श्रेय त्या देशाला आपल्याकडे कुणी देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कामातल्या अडचणीचं. भारताबद्दल लिहायचं तर जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जायचं. सूचीत फाईलचं नाव असतं, क्रमांक असतो. मागणीची चिठ्ठी भरायची आणि पंख्याखाली वाट पाहायची. तासाभराने चिठ्ठी परत येते, कोपऱ्यात दोन अक्षरं: एन. टी. नॉट ट्रान्सफर्ड. फाईल मंत्रालयाने दिलेलीच नाही. एका आठवड्यात मी सव्वीस चिठ्ठ्या भरल्या, एकोणीस तशा आल्या. त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ पासून बंद आहे. त्यावर संसदेत निवेदन केलं ते आपल्या यशवंतराव चव्हाणांनी, तेव्हाचे संरक्षणमंत्री म्हणून. अहवाल मात्र आजतागायत सरकारने लोकांपुढे ठेवलेला नाही.

आणि एक प्रसंग, तोही लिहिते. एका विद्यापीठात मुलाखतीला समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही ना गणवेश घातला, ना बंदूक धरली. तुम्हाला यातलं काय कळणार?" मी तेव्हा गप्प बसले. आज उत्तर आहे. या नात्यात फौज एका बाजूला आहे आणि नागरिक दुसऱ्या बाजूला. मी दुसरी बाजू आहे.

इथे फौजेतले, फौजेच्या घरांतले बरेच जण आहेत. माझ्या विषयावरची जवळजवळ सगळी पुस्तकं अधिकाऱ्यांच्या तोंडच्या हकिगतींवर उभी आहेत, तीही इंग्रजीतल्या. शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार यांना 'सरकार' कसं दिसतं, हे कुणी लिहून घेतलेलं मला फारसं सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर सांगा.

---

वाऱ्याची_झुळूक | शुक्रवार, रात्री १०:४८

'अयोग्य' वाचून थांबले. सविस्तर उद्या.

---

पेन्शनर_पलटण | शुक्रवार, रात्री ११:२०

ताई, लेख पूर्ण वाचला. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून बाहेर पडलो. गाव साताऱ्याकडचं, आमच्या भागात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं गेली. घराघरात फोटो आहेत.

मला एक गोष्ट खटकली, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. 'आपली फौज सरकार का उलथवत नाही' हा प्रश्नच आम्हाला लागतो. आम्ही मीठ कुणाचं खाल्लं हे आम्हाला माहीत आहे. तुमच्या काकांनी दिलं ते उत्तर बरोबर आहे. येत नाही म्हणजे येत नाही. असा विचार जिथे नाही तिथे तो घालू नये. फौजेचं काम सीमेवर, तुमचं काम वर्गात, पुढाऱ्यांचं विधानसभेत. हे एकमेकांत गेलं की वाट लागते.

---

कोयनाकाठची | शनिवार, सकाळी ७:०५

सुभेदार साहेब, राग कसला. काकाही चार दिवस माझ्याशी नीट बोलले नव्हते.

तुमचं शेवटचं वाक्य हाच माझा अख्खा विषय आहे. एकमेकांत गेलं की वाट लागते, आणि ते फक्त फौजेकडूनच जातं असं नाही. १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी राजीनामा दिला, तो संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कारभाराला वैतागून. नेहरूंनी समजूत घातली, त्यांनी तो मागे घेतला, आणि मग संसदेत त्यांनाच बोल लागले. पुढे तीन वर्षांत बी. एम. कौल यांच्याकडे चौथ्या कोअरची धुरा गेली, ज्यांच्यापाशी लढाईत मोठी तुकडी चालवल्याचा अनुभव नव्हता. दिल्लीत जवळीक होती. नेफात (आजच्या अरुणाचलात) चीनशी लढताना त्याची किंमत कुणी मोजली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यशवंतराव नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण मंत्रालयात पोचले ते या मोडलेल्या घरात. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री, हे आपण कौतुकाने म्हणतो. त्यांनी नेमकं काय केलं, हे कमी सांगतो. ते तिन्ही प्रमुखांबरोबर नियमित बसू लागले, आणि लढाईच्या तपशिलात हात घालणं थांबलं. १ सप्टेंबर १९६५ ला जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. त्या दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग यशवंतरावांच्या दालनात आले. विमानं वापरायची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. निर्णय मंत्र्याचा, तो कसा पार पाडायचा हे सेनानींचं. मी मुलांना नागरी नियंत्रण शिकवते तेव्हा ही दुपार सांगते.

त्याच वर्षी दिल्लीत संरक्षण अभ्यासाची संस्था निघाली तीही त्यांच्याच पुढाकाराने. सरकारच्या बाहेर बसून कुणीतरी या गोष्टींचा विचार करावा, असं एका संरक्षणमंत्र्याला वाटलं. आज तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. एक कराडचे, एक गोव्याचे.

आणि हल्लीचं म्हणाल, तर मार्च २०१९ मध्ये निवडणूक आयोगाला पक्षांना पुन्हा बजावावं लागलं, की प्रचाराच्या फलकांवर जवानांचे फोटो लावू नका. तो विचार फौजेत कुणी घातला नव्हता. तो बाहेरून आत येत होता. मी प्रश्न विचारते तो यासाठी.

---

गणिती_मन | शनिवार, सकाळी ९:३२

लेख आवडला, पण मला पुराव्याबद्दल विचारायचं आहे. फायली मिळत नाहीत, पाकिस्तानात जाता येत नाही, अधिकारी निवृत्तीनंतर स्वतःला सोयीचं लिहितात. मग तुम्ही जे ठामपणे सांगता ते कशाच्या आधारावर? 'सत्तापालट झाला नाही' हे तर न घडलेल्या गोष्टीचं स्पष्टीकरण आहे. ते चूक ठरणार कसं?

---

कोयनाकाठची | शनिवार, दुपारी १:१५

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न हाच होता.

न घडलेल्याचं कारण एका देशात शोधता येत नाही, म्हणून शेजारी घ्यावे लागतात. पाकिस्तान, बांगलादेश आणि भारत यांना एकच फौज वारशात मिळाली, पण वाटण्या वेगळ्या. 'व्यावसायिक फौज राजकारणात पडत नाही' हे विधान पाकिस्तानपुढे टिकत नाही, म्हणून ते मी सोडलं. 'मजबूत पक्ष असला की फौज मागे राहते' हे भारतात आणि पाकिस्तानातल्या मुस्लिम लीगच्या घसरणीत जुळतं. पण बांगलादेशात १९७५ मध्ये मुजिबूर रहमान यांचा पक्ष प्रचंड मजबूत असतानाच त्यांची हत्या झाली. म्हणजे तेही एकट्याने पुरत नाही. असं एकेक गाळत जायचं. उरतं ते लहान असतं, पण हातात राहतं.

पुराव्यासाठी वळसे घ्यावे लागतात. आपली बंद फाईल कधी कधी लंडनच्या अभिलेखागारात उघडी सापडते, कारण ब्रिटिश उच्चायुक्ताने त्या बैठकीबद्दल आपल्या सरकारला कळवलेलं असतं. अमेरिकी परराष्ट्र खात्याची जुनी कागदपत्रं छापलेली आहेत. पाकिस्तानचा १९७१ च्या पराभवावरचा हमूदुर रहमान आयोगाचा अहवाल तिथे दडपला गेला आणि २००० मध्ये भारतीय नियतकालिकात फुटला. आपला १९६२ चा अहवाल थोडाफार वाचायला मिळाला तो २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने जालावर टाकला तेव्हा. दोन्ही देशांचा इतिहास दोघांच्याही घराबाहेर सापडतो. याचा मला त्रास होतो आणि तो होत राहावा असं वाटतं.

कायदा आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, आणि जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांची कागदपत्रं साधारण पंचवीस वर्षांनी खुली करायचं धोरणही आणलं. मी आता पुन्हा चिठ्ठ्या भरायला सुरुवात केली आहे.

---

पूर्वाई | शनिवार, रात्री ८:५०

मी अभ्यासक नाही, इंजिनिअर आहे. २०१९ ते २०२१ म्यानमारमध्ये यांगूनला एका प्रकल्पावर होते. १ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी उठले तर फोनला नेटवर्क नाही, फौजेने सत्ता घेतलेली. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात बसून रडत होत्या. त्यांनी तिथला १९६२ चा सत्तापालट पाहिलेला, १९८८ चाही पाहिलेला. दुसऱ्या रात्रीपासून आठ वाजले की घराघरांतून पातेली, ताटं बडवायला लागले. तिकडे भूतपिशाच्च घालवायला असं करतात. आजींनी माझ्या हातात एक परात आणि पळी दिली. मी परक्या देशाची, व्हिसावर आलेली, मला भीती वाटत होती. तरी मी बडवली.

माझा प्रश्न असा. तिथे निवडणुका होत होत्या, सू ची यांचं सरकार होतं. मग ते सगळं खोटं होतं का?

---

कोयनाकाठची | शनिवार, रात्री ९:४०

तुम्ही लिहिलंत ते वाचून खूप वेळ बसून राहिले. आभार.

खोटं नव्हतं, पण फौजेने दार उघडताना कडी आपल्याकडे ठेवली होती. २००८ ची राज्यघटना फौजेनेच लिहिली. संसदेतल्या पंचवीस टक्के जागा गणवेशातल्या लोकांसाठी. घटना बदलायची तर पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त मतं हवीत, म्हणजे फौजेच्या संमतीशिवाय ती बदलणारच नाही. संरक्षण, गृह आणि सीमा या तिन्ही खात्यांचे मंत्री सरसेनापती देणार. लोक मतदान करत होते ते उरलेल्या घरासाठी. २०२० च्या निवडणुकीत त्यांनी फौजेच्या पक्षाला इतकं मागे टाकलं की ते उरलेलं घरही फौजेच्या हातून जाईल असं दिसू लागलं.

प्रादेशिक सुरक्षा हा माझ्या विषयाचा दुसरा अर्धा भाग इथेच येतो. सुरक्षेचे अभ्यासक बॅरी बझान म्हणतात, की शेजाऱ्यांची सुरक्षितता एकमेकांत इतकी गुंतलेली असते की एकाची सुटी काढून पाहताच येत नाही. यांगूनमध्ये फाटक बंद झालं आणि माणसं मिझोराममध्ये आली. नेपाळचंही तसंच. १९५० पासून आपले लष्करप्रमुख नेपाळी सेनेचे मानद जनरल असतात, तिकडचे आपल्या सेनेचे. नेपाळची पोरं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गोरखा पलटणीत. २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, तिच्यातल्या चार वर्षांच्या नोकरीवर नेपाळ सरकारने हरकत घेतली आणि ती भरती थांबली. दिल्लीत हा भरतीचा प्रश्न होता. पोखऱ्याच्या ज्या घरात मी राहायचे तिथे तो घर चालायचा प्रश्न होता. त्या घरात आजोबांची भारतीय पेन्शन आजही येते, नातू मात्र कतारला गेला.

---

पारिजात | रविवार, सकाळी ८:२५

बाबासाहेबांचा उल्लेख केलात, बरं वाटलं. आमचं मूळ गाव दापोलीजवळ. दापोलीत महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती, बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही तिथे राहिलेले. माझे पणजोबा १९१७ मध्ये उभ्या केलेल्या १११ महार पलटणीत गेले. १९२१ ला पलटण मोडली आणि ते घरी आले. आमच्या घरात ही गोष्ट अशी सांगतात: गणवेश असताना पाटलाच्या ओट्यासमोरून छाती काढून जायचे, तो काढला आणि परत चावडीबाहेर उभं राहायची पाळी आली. सरकारला गरज होती तेव्हा लढवय्ये, गरज सरली की नाही. तुमची नेपाळची मुलगी आणि माझे पणजोबा यांची गाठ पडायला हवी होती.

---

कोयनाकाठची | रविवार, सकाळी १०:००

पारिजात, तुमच्या शेवटच्या वाक्याला मी काही जोडू शकत नाही.

फक्त एक माहिती देते, कदाचित घरी ठेवावीशी वाटेल. स्टीफन कोहेन हे अमेरिकी अभ्यासक भारत आणि पाकिस्तान दोन्ही फौजांवर लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतले. त्यांचा १९६९ मधला एक महत्त्वाचा लेख अस्पृश्य सैनिकांवरच आहे: काही जातीच लढाऊ असतात हे खूळ इंग्रजांच्या डोक्यात आल्यावर महारांची भरती कशी बंद झाली, ती परत मिळवायला अर्ज-विनंत्या कशा झाल्या, आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट कशी उभी राहिली. शिकागोत जन्मलेल्या माणसाला हे महत्त्वाचं वाटलं. आपल्या विद्यापीठांत त्यावर मराठीत काम व्हायला हवं. पणजोबांचे कागद, पदक, पेन्शनचं पुस्तक, काही असेल तर फोटो काढून ठेवा. वाळवी कुणाची वाट पाहत नाही.

---

उंबरठा | रविवार, दुपारी ३:१०

ताई नमस्कार. मी नांदेडहून. राज्यशास्त्रात एम. ए. झालंय. घरी शेती, वडील म्हणतात बी. एड. कर. मला याच विषयात पीएच. डी. करायची आहे. इंग्रजी कच्चं आहे. खरंखरं सांगा, करावी का?

---

कोयनाकाठची | रविवार, रात्री ९:३०

खरंखरं सांगते.

प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला संरक्षण आणि सामरिक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, पण तुला राज्यशास्त्रातूनही येता येईल आणि पुढे नोकरीसाठी ते जास्त दारं उघडतं, कारण स्वतंत्र विभाग मोजकेच आहेत. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत, तुला लागू असेल ती पाहा. पीएच. डी.ला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यानंतर? मी प्रबंध देऊन पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. त्या पाच वर्षांत उन्हाळ्याच्या सुटीचा पगार मला एकदाही मिळाला नाही. आईने एकदा न सांगता माझं विजेचं बिल भरलं होतं. हे वडिलांना दाखव, लपवू नकोस. जेआरएफ नसेल आणि घरी कर्ज असेल, तर आधी बी. एड. कर, नोकरीला लाग आणि मग हे कर. विषय कुठे पळून जात नाही.

इंग्रजीची भीती बाळगू नकोस, वाचता वाचता येतं. त्यापेक्षा शेजारची एक भाषा शीक. बंगाली, नेपाळी, उर्दू, कोणतीही. तुला देवनागरी येते, म्हणजे नेपाळी वर्तमानपत्र सहा महिन्यांत वाचशील. इंग्रजी येणारे अभ्यासक खूप आहेत. काठमांडूच्या चहाच्या टपरीवर बसून ऐकणारे फार थोडे.

आणि कुणाला मुलाखतीला भेटशील तेव्हा वही लगेच काढायची नाही. आधी घरचं विचारायचं, पीक-पाणी विचारायचं. हे तुला शिकवावं लागणार नाही.

व्यनि कर, वाचायची यादी पाठवते.

---

पेन्शनर_पलटण | सोमवार, सकाळी ६:१५

ताई, तीन दिवस धागा वाचतोय. पारिजात यांचं वाचलं, नेपाळचं पुन्हा वाचलं. आमच्या शेजारी दोन वर्षं गोरखा पलटण होती, त्यातला एक नायब सुभेदार माझा जिगरी दोस्त होता. त्याचं गाव पोखऱ्याकडेच कुठेतरी. आता पत्ता नाही.

तुम्ही विचारलं होतं, शिपायाला सरकार कसं दिसतं. आम्हाला हे कधी कुणी विचारलं नाही. ८४ साली आम्ही पंजाबात होतो. त्या वेळी आमच्या बाजूच्या पलटणीत काय झालं, कमांडिंग साहेबांनी आम्हाला मैदानात बसवून काय सांगितलं, रात्री लंगरमध्ये पोरं काय बोलत होती, हे मी आजपर्यंत घरातसुद्धा बोललो नाही. काकांनी तुम्हाला उत्तर दिलं नाही, त्याचं कारण मला वाटतं उत्तर नव्हतं असं नाही. इथे सगळ्यांसमोर लिहिणार नाही.

नंबर व्यनिमध्ये टाकलाय. रविवारी फोन करा, दहानंतर. त्याआधी देवपूजा असते.

---

कोयनाकाठची | सोमवार, सकाळी ६:४०

साहेब, नंबर मिळाला. तुम्ही नको म्हणाल ते कुठेच छापलं जाणार नाही, नावही नाही. फोन करते, पण चालणार असेल तर साताऱ्याला येऊनच ऐकते. वही पिशवीतच ठेवीन.